हिमांशूनं लिहिलेला कोड

त्या उन्हाळ्यात जायकवाडी धरणाचं पाणी पार खाली गेलं होतं. पैठण रोडला नव्या कॉलन्या उठत होत्या आणि सगळ्या टँकरवर जगत होत्या. चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत सुलेखा टँकर बुकिंगचा प्रोग्रॅम लिहीत होती. मूळ कोड हिमांशूचा. दोन वर्षं तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. मग बेंगळुरूला गेला.

पूर्वी बुकिंग एकाच टेबलावरून व्हायचं. आता अनेक फोनवरून एकदम होणार होतं. सुलेखानं टँकरची नोंद एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या थ्रेडना वाटायला घेतली, तर कोड तपासणारा कंपायलर अडला. हा टाइप, म्हणजे माहितीचा हा प्रकार, दुसऱ्या थ्रेडकडे सुरक्षितपणे पाठवता येत नाही, एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता.

"अनसेफ लिही अन् पुढं चल," तिचे वरिष्ठ श्रीरंग सर म्हणाले. "जबाबदारी आपली म्हटलं की गप बसतो तो."

"अन् एकच टँकर दोन कॉलन्यांना गेला तर, सर? माझी आई चितेगावात टँकरचीच वाट बघते."

सुलेखानं बाहेर जिन्यावर जाऊन हिमांशूला फोन लावला. किती महिन्यांनी.

"कंपायलर बरोबर सांगतोय," तो म्हणाला. "आत साधा Rc आहे, नोंद किती जण वापरतायत ते मोजणारा. दोन थ्रेडनी एकदम हात लावला तर मोजणी चुकेल. त्याच्या जागी अनेक थ्रेडना चालणारा Arc घाल, अन् नोंदीला Mutex लाव, म्हणजे कुलूपच. एकाचं झालं की दुसऱ्याचं."

"एवढंच?"

"एवढंच. तू कशी आहेस?"

त्याचा आवाज ऐकून तिला वाटलं, तो आत्ता चहा घेऊन जिना चढून येईल.

"तू परत कधी येणार?"

"सुलेखा, आई-बाबा पण इकडंच आलेत. सिडकोतलं घर दिलं विकून."

"मला बोलला नाहीस."

"सांगायचं होतं. जमलं नाही."

"बरं," ती म्हणाली. आणखी खूप बोलायचं होतं, पण तिनं फोन ठेवला.

जागेवर येऊन तिनं टाइप बदलला, कुलूप लावलं. कंपायलरनं हरकत घेतली नाही. तिनं अन् सरांनी दोन फोनवरून एकच टँकर मागितला. तो सरांना मिळाला, तिला 'टँकर दिलेला आहे' असं उत्तर आलं.

"झालं की!" सर खूश झाले.

सुलेखा हसली. मग फाइलच्या वर, कोड लिहिणाऱ्याच्या जागी असलेल्या हिमांशूच्या नावाखाली, तिनं स्वतःचं नाव टाइप केलं आणि बराच वेळ ती दोन नावं बघत बसली.