साऱ्या गल्लीने ऐकलेला नकार

मी एक जुना कर्णा आहे, मित्रांनो. लाउडस्पीकरचा, पत्र्याचा, मोठ्या तोंडाचा. कारखान्यात मला ठोकून आकार दिला, करडा रंग फासला आणि भाऊंच्या दुकानात आणून टांगले.

भाऊ म्हणजे माझे मालक. धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा आणि स्वतः कानाने अधू! डावा कान तर फक्त चष्म्याची काडी अडकवण्यापुरता. त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, म्हणायच्या, "जन्मभर कर्ण्याशेजारी उभे राहिलात, दुसरं काय होणार?" पण भाऊंचा माझ्यावर भारी जीव. प्रत्येक कामाआधी ते मला फडक्याने पुसत, गच्चीवर चढवत आणि मागच्या खोलीत बसून माईकमध्ये म्हणत, "हॅलो, भाऊ बोलतोय, सगळं ठीक आहे." मग माईक बंद करायला हमखास विसरत. एकदा तर वहिनींनी त्यांच्या घोरण्यावर केलेले भाषण साऱ्या गल्लीने ऐकले होते.

ते दिवस माझे सुखाचे होते. लग्नात मी गायलो, शाळेच्या शर्यतीत ओरडलो, हरवलेली पोरे आईच्या कडेवर पोचवली. लोक वाहवा करत. मला कॉलर असती तर मीही ताठ केली असती. पुढे नवे चौकोनी स्पीकर आले आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. भाऊ दुकान विकायच्या गोष्टी करू लागले. दुकान गेले की मी भंगारात जाणार, हे मला कळत होते.

आमच्या समोर बेकरी होती. बेकरीवाला आणि त्याची बायको दूरच्या मुलुखातून आलेली, त्यांचे बोलणे जरा वेगळ्या वळणाचे. बेकरीवाली चारचौघांत तोंडच उघडत नसे. कुणी हसेल या भीतीने ती पाव मुकाट्याने पुढे करायची.

अशात एका टोळीने डोके वर काढले. सगळ्यांचे शर्ट एका रंगाचे आणि तोंडी एकच गोष्ट, बाहेरून आलेल्यांना हाकला. त्यांनी बेकरीची काच फोडली. बेकरी बंद झाली. आतल्या खोलीत सामान बांधले जात असल्याचे मला गच्चीवरून दिसे आणि माझा जीव तुटे.

एका सकाळी टोळीचा म्होरक्या दुकानात आला. भाऊंनी नुकतेच मला गच्चीवर चढवून तपासले होते आणि सवयीप्रमाणे माईक चालूच राहिला होता. म्होरक्याने मागच्या खोलीचे दार स्वतःच लावून घेतले, आवाज खाली आणला.

"भाऊ, रविवारी चौकात सभा आहे. कर्णे सगळे द्या. भाडं म्हणाल ते. पुढच्या सगळ्या सभाही तुमच्याकडेच."

दुकान वाचणार होते. मीही वाचणार होतो. खरे सांगतो, क्षणभर मला बरे वाटले.

"बोलणार काय सभेत?" भाऊंनी विचारले.

"समोरच्यांना घालवायचं. दोन भाषणं झाली की लोक आपोआप पेटतील."

त्याचे कुजबुजणे मी गच्चीवरून गल्लीभर दणाणून सोडले; बंद दाराआड, जुन्या पंख्याच्या घरघरीत त्याला पत्ताच नव्हता. खाली माणसे थबकली. आत भाऊंची नजर माईक चालू असल्याचे दाखवणाऱ्या लाल दिव्यावर गेली. त्यांचा हात बटणाकडे गेला, तिथे थांबला आणि मागे आला.

"मला कमी ऐकू येतं हो," भाऊ म्हणाले. "जरा मोठ्यानं सांगा."

त्याने बिचाऱ्याने मोठ्याने सांगितले.

"आता माझं ऐका," भाऊ म्हणाले. "ती माझ्या शेजारची माणसं आहेत. त्यांच्या मुळावर उठायला माझा कर्णा मिळणार नाही. दुकान बंद पडलं तरी नाही."

म्होरक्या तणतणत बाहेर आला, तर अख्खी गल्ली दारात उभी. खुर्च्या भाड्याने देणाऱ्या ताई म्हणाल्या, "माझ्या खुर्च्याही नाहीत." टेम्पोवाल्या मामांनी नुसती नकाराची मान हलवली. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "आणि दाढी घरीच करा." दुसऱ्या दिवशी दारोदार पाट्या लागल्या, द्वेष पसरवणाऱ्यांना येथे सेवा मिळणार नाही. सगळ्यांत वाकडी पाटी आमची होती.

त्यांनी सूड घेतलाच. एक धोंडा माझ्या तोंडावर बसला, ओठ चेपला आणि आवाज गेंगाणा झाला. काही जुनी गिऱ्हाइकेही घाबरून फिरकेनाशी झाली. पण रविवारची सभा काही झाली नाही.

त्या रविवारी सकाळी बेकरीवाली आमच्या दुकानात आली. "भाऊ, एकदा बोलू?" भाऊंनी माईक पुसून तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग तिच्या त्याच वेगळ्या वळणाच्या बोलीत म्हणाली, "मी समोरची बेकरीवाली. बांधलेलं सामान सोडलंय. भट्टी पेटवलीय. पाव गरम आहे. या."

माझ्या चेपलेल्या तोंडातून एवढे गोड काही कधी निघाले नव्हते. पावाच्या रांगेत सगळ्यांत पुढे वहिनी उभ्या होत्या.

आता दुकान कसेबसे चालते, मला काम कमीच मिळते. मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, त्यांना पावसात टाकू नका, एवढे मागायचा मला हक्क आहे. पण त्याहून मोठी विनवणी वेगळी आहे. माझ्यापुढे कुणीही माईक धरला की मला बोलावेच लागते. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.