गिरजाच्या नावाची जागा

चामोर्शीच्या छापखान्यात सत्यशीला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात इस्तारी तिथं लग्नपत्रिका छापायला आला. तलावात मासे धरणारा माणूस. त्याची पहिली बायको रुखमा दोन वर्षांआधी डोंग्यातून पाण्यात पडली, ती सापडलीच नव्हती. आता गिरजाशी लग्न ठरलं होतं.

सत्यशीलानं मजकूर बारा पॉइंटात बसवला. नावं चोवीस पॉइंटात, ठळक, मधोमध. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून मोकळीक दिली, भोवती वेलबुट्टीची चौकट आवळली. मालक देवरावभाऊंनी पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर प्रूफ काढलं. सगळं काळंभोर उठलं, फक्त वधूच्या नावाची जागा कोरी.

"खिळे झिजले असन," भाऊ म्हणाले.

तिनं खिळे बदलले. खालून कागद लावून नावाचे खिळे जरा उंच केले. रूळ फिरला की खिळ्यांवर शाई चमकायची, कागदावर मात्र काही नाही. तिनं त्या जागेवर अंगठा फिरवला. अक्षरं कागदात रुतली होती. र, त्याला उकार. मग ख, म, काना. गिरजाची वेलांटी कुठंच लागेना.

इस्तारी प्रूफ बघायला आला, तेव्हा तिनं त्याचं बोट तिथं ठेवलं. तो चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं हात झटकला, "तुमची चूक हाय बाई," म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला.

"तेरवी नाई केली मी तिची," तो बोलला. "तेरवी करावी तं मेली म्हणा लागते. अन् नाई मेली म्हणावं, तं लगन कसं करू?"

"मंग काय म्हटलं?"

"काईच नाई."

दुसऱ्या दिवशी इस्तारीकडून ऐकून गिरजाच आली. "मले वाचता येत नाई. दाखवा." तिनं बोट ठेवलं, बराच वेळ उचललं नाही. "वलं लागून राह्यलं," ती हळूच म्हणाली. बाहेर मे महिन्याचं ऊन रखरखत होतं, ओल यायला जागा नव्हती. "पह्यले तिची पत्रिका छापा बाई. माही मंग."

तेरवीच्या पत्रिकेवर रुखमाचं नाव पहिल्याच दाबाला लख्ख उठलं. इस्तारीनं तलावाच्या पाळीवर तिच्या देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दिला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून रडला. पुढं लग्नपत्रिकाही नीट छापली गेली.

लग्नाला सत्यशीला गेली होती. वरात इस्तारीच्या दारात आली, उंबरठ्यावर माप ठेवलेलं. गिरजा थांबली. सगळे मागं उभे, घरात कोणीच नव्हतं. तिनं आत पाहून खालच्या आवाजात विचारलं, "रुखमाबाई, येऊ का?"

तिच्या मागंच उभ्या सत्यशीलाला काहीही ऐकू आलं नाही. पण गिरजानं मान हलवली, पदर सावरला आणि माप ओलांडलं.