सदतीस नंबरचं उत्तर

मास्तरांचा आवाज म्हणजे काय सांगावं. एकतीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात गणित शिकवून तो असा काही तयार झाला होता, की घरात त्यांनी हळूच मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. मग मुलं कमी झाली म्हणून शाळाच बंद पडली आणि मास्तर आवाजासकट घरी बसले. चार महिन्यांत बायकोचं डोकं उठलं. शेवटी तिनेच पेपरातली जाहिरात त्यांच्यापुढे सरकवली: 'एक शिक्षक, एक विद्यार्थी. वैयक्तिक लक्ष. अनुभवी शिक्षक पाहिजेत.'

"अनुभव आहे की," मास्तर म्हणाले.

"साठांचा आहे. एकाचा कुठे आहे?" बायको म्हणाली. "माझ्याशीसुद्धा तुम्ही भिंतीकडे बघून बोलता. जा, पण समोर एकच जण आहे एवढं ध्यानात ठेवा."

मास्तरांनी ते ध्यानात ठेवलं. अगदी शिकवणी केंद्राच्या दारापर्यंत.

आत काचेच्या खोल्यांची रांग. प्रत्येकीत एक गोल टेबल, दोन खुर्च्या आणि परातीएवढा पांढरा फळा. संचालिका मास्तरांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण बोलायला रोखठोक.

"सहावीतली मुलगी आहे. चार शिक्षक झाले, तिने मिठाची गुळणी धरलीय. कळलं का विचारलं की मान डोलावते आणि परीक्षेत नापास होते. तासाभरात 'मला कळलं नाही' एवढं जरी तिने तोंडाने सांगितलं, तरी उद्यापासून कामावर या. नाही तर..."

"नाही तर घर आहेच," मास्तर म्हणाले. म्हणाले खरे, पण ते नुसतं तोंडाने. आता मधली सुट्टी झाली असेल, आता पाचवा तास, असं मनात म्हणत पुन्हा घरी बसायचं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

मुलगी हात टेबलाखाली घेऊन बसली होती. मास्तर आत शिरले, उभेच राहिले, आणि सवयीने व्हायचा तो घात झालाच.

"शांत बसा सगळे. हजेरी. एक नंबर?"

मुलीने दचकून मागे पाहिलं. मागे नुसती काच. "हजर," ती पुटपुटली.

"दोन नंबर?"

तोंडातून निघून गेलं आणि मग मास्तरांना बायकोचं बोलणं आठवलं. दाराशी उभ्या संचालिकेने कपाळाला हात लावला. बायकोला आता काय तोंड दाखवायचं, हेच मास्तरांच्या डोक्यात फिरू लागलं.

मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने भलताच घोगरा आवाज काढला. "हजर, सर."

"तीन?"

"गैरहजर. तिला ताप आलाय."

आता मास्तर काय करणार? हजेरी सुरू केली की पुरी करायची, हा त्यांचा नेम. साठच्या साठ नंबर झाले. नऊ जणी गैरहजर निघाल्या, चव्वेचाळीस उशिरा आली, आणि सदतीस नंबर मागच्या बाकावर चक्क डबा खात होती म्हणे.

"सदतीस, डबा आत ठेव," मास्तर काचेकडे बघून गरजले.

"ठेवला," मुलगी तोंड पुसत म्हणाली.

मास्तरांनी फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश मांडलं. "कोण सांगतंय?"

एक नंबरची मान खाली.

"सदतीस, तू सांग. खाणं झालंय, आता डोकं चालव."

"दोन छेद पाच," सदतीस बेधडक म्हणाली. चुकलं तर चुकलं, नाव तिचं खराब होणार होतं.

"बरं. अर्धं सफरचंद होतं, त्यात आणखी एक तुकडा घातला. आणि दोन छेद पाच म्हणजे तर अर्ध्याहूनही कमी. मधल्या मधे खाल्लं कोणी?"

"सदतीसनेच खाल्लं असेल," बावन्न नंबर बोलली, आणि मुलगी खुदकन हसली.

मग मास्तर रंगात आले. अकरा नंबरने गोंधळ घातला, सव्वीसने तो निम्मा सावरला. शेजारच्या खोलीतला मुलगाही आपलं पुस्तक सोडून इकडच्या फळ्याकडे बघू लागला. तास संपायला पाच मिनिटं उरली.

"सगळ्यांना कळलं?"

"हो सर," घोगरा आवाज म्हणाला. "हो सर," बारीक आवाज म्हणाला. सदतीसलासुद्धा कळलं होतं. संचालिकेने घड्याळ पाहिलं. संपलं सगळं. त्यांनी फळा पुसायला घेतला.

मागे वळले तेव्हा टेबलाखालचा हात वर आला होता.

"कोण, सदतीस?"

"नाही. एक नंबर." हा आवाज तिचा स्वतःचा होता, अगदी लहान. "त्यांना कळलं असेल. मला नाही कळलं."

एकतीस वर्षांत शिकवताना ते एकदाही बसले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले आणि इतकं हळू बोलले की दाराशी उभ्या संचालिकेलाही ऐकू गेलं नाही.

"कुठे अडलं, दाखव बघू."

मग मान वळवून ते उरलेल्या हजर पन्नासांना म्हणाले, "तुम्ही आपापलं काम करा. जरा थांबावं लागेल."