पाण्याचा प्रसंग

“पट्टी आत्ता डाव्या हाताला होती,” कंपाउंडर अंधारात मोठ्याने म्हणाले. “आता उजव्या. मधे काय बदलीचा हुकूम आला?”

मुलीने त्यांच्या मनगटाला चिमटा काढला. “बाबा, लोक बघतायत.”

“लोकांनी पडद्याकडे बघावं.”

कंपाउंडर तरुणपणी लढाईत जखमा बांधणारे शिपाई होते. पुढे तीस वर्षं एका दवाखान्यात मलमपट्टी करून निवृत्त झाले. जीभ मात्र निवृत्त झाली नव्हती. कुणाचं बँडेज सैल दिसलं, तरी त्याला भररस्त्यात थांबवून चारचौघांत झाडत. त्यांच्याच तुकडीच्या लढाईवर सिनेमा निघाला आणि पहिल्या खेळाचं आमंत्रण घरी आलं, तेव्हाच मुलीने कपाळाला हात लावला होता.

पडद्यावर चुकांचा सुकाळ होता. अकरा दिवस खंदकात काढलेल्या जवानांचे गाल गुळगुळीत होते. वायरलेसचा सेट लढाईनंतर दहा वर्षांनी निघालेला. एक शिपाई पुलाच्या अलीकडे धारातीर्थी पडला आणि पुलाच्या पलीकडे टोपी उडवत नाचू लागला.

“हा मघाशीच गेला की,” कंपाउंडर म्हणाले. मागून कोणीतरी “गप्प बसा हो” म्हणालं, त्यालाही त्यांनी वळून सुनावलं.

मग कॅप्टनच्या पोटात गोळी लागली. एका कोवळ्या शिपायाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळे पुसत त्याला पाणी पाजलं. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. कंपाउंडर एकदम गप्प झाले. मुलीला हायसं वाटलं, आणि तिथेच ती फसली.

सिनेमा संपल्यावर दिव्यांच्या उजेडात दिग्दर्शक मंचावर आला. कॅप्टनच्या धाकट्या बहिणीचा त्याने सत्कार केला. आता तिचेही केस पांढरे झाले होते. “कुणाला काही विचारायचंय?” असं त्याने हसत विचारलं, आणि मुलीने शर्ट धरून ओढेपर्यंत कंपाउंडर उभे राहिले होते.

दाढ्या, सेट, पट्टी, सगळ्याचा त्यांनी एका दमात पाढा वाचला. लोक कुजबुजू लागले.

“आजोबा, सिनेमा आहे हा,” दिग्दर्शक म्हणाला. “एवढं तेवढं चालतं.”

“पाणी चालत नाही. पोटात गोळी लागलेल्याला पाणी पाजत नाहीत. तो शिपाई मी होतो. साहेब चार तास पाणी मागत होते. मी एक थेंब दिला नाही. खोटं दाखवू नका.”

एक जण ओरडला, “बसवा त्याला खाली.” दुसरा म्हणाला, “आणि हे तोंड वर करून सांगतोय.” मुलीने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

पायऱ्यांवर कॅप्टनची बहीण त्यांच्या मागोमाग आली. तिने नमस्कार केला नाही.

“तुमचं पत्र अजून आहे माझ्याकडे,” ती म्हणाली.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“आईने वाचलं ना ते. पाण्याचा पेला तोंडाशी न्यायची आणि तसाच खाली ठेवायची. जाईपर्यंत असंच चाललं. कशाला लिहिलंत? शांतपणे गेला, एवढं लिहायला काय झालं होतं?”

“शांतपणे गेले नाहीत ते.”

“तिला कशाला सांगायचं?”

“तिने विचारलं होतं,” कंपाउंडर म्हणाले. “पोटाच्या जखमेला पाणी म्हणजे विष. इस्पितळाची गाडी आली असती तर वाचले असते. त्या आशेवर नाही दिलं. गाडीच आली नाही, त्याला मी काय करू? आज तीच वेळ आली तरी देणार नाही.”

“माहितेय मला. म्हणूनच पाण्याचा प्रसंग मी घालायला लावला. दिग्दर्शकाला म्हटलं, त्या शिपायाच्या जागी दुसरा माणूस लिही. ह्याच्या हातून ते व्हायचं नाही.”

ती गाडीत बसून निघून गेली.

“बाबा, तुम्ही हे आम्हाला कधीच सांगितलं नाहीत,” मुलगी म्हणाली.

“तू कधी विचारलंस?”

कंपाउंडर कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना त्या बाईचा संताप आला होता, दिग्दर्शकाचा आला होता, न आलेल्या गाडीचा तर इतकी वर्षं येतच होता. आपण चुकलो नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता.

मग ते तिकीटखिडकीकडे गेले. “तीनच्या खेळाचं एक द्या.”

“अहो, आणखी किती चुका काढणार?” मुलगी मागून म्हणाली.

“तू घरी जा.”

तीनच्या खेळाला सभागृह अर्धंच भरलं होतं. कंपाउंडर पहिला दीड तास हूं की चूं न करता बसले. पुढ्यात काय चाललंय तिकडे त्यांचं फारसं लक्षही नव्हतं.

मग कॅप्टन कोसळला. शिपायाने त्याचं डोकं उचलून बाटली ओठांना लावली. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि कॅप्टन घटाघटा पीत होता. कंपाउंडर खुर्चीच्या कडेला सरकले.

“सावकाश, साहेब,” ते म्हणाले. “सावकाश प्या.”