दहाची पिशवी

लातूर नवा जिल्हा झाला, पण पावसाला तशी वर्दी कुणी दिली नसावी. सरकारी नर्सरीतली रोपं लावायचा हुकूम सारखा पुढं ढकलला जायचा, आणि साखराबाई न् तिची शेजारीण सरजाबाई तिथं रोजानं राबत त्या रोपांना घोट घोट पाणी पाजून जगवत होत्या.

सरजाबाईच्या घरी एक वेगळंच रोप होतं, पिंपळाचं. लेकीनं, पंचशीलानं, लग्नाआधी विहिरीच्या भिंतीतून उपटून पिशवीत लावलेलं. "विहारापुढं लावू, माय," म्हणाली होती. मग बिलोलीला नांदायला गेली आणि वर्षाच्या आत काविळीनं गेली.

"आता लाव की गं ते," साखराबाई म्हणायची. "मुळ्या गुदमरल्या असतील."

"दहाची पिशवी हाय ती. लई जागा हाय आत. पाऊस तर पडू दे."

दहाची म्हणजे रिकामी, सपाट पसरली तर दहा इंच. माती भरून गोल झाली की सहा इंच जेमतेम. पिशव्या भरून भरून सरजाची बोटं वाकडी झालेली, तिला का हे ठाऊक नव्हतं? पण पिशवीतलं रोप उचलून सावलीत नेता येतं, निजताना उशाशी घेता येतं. जमिनीत गेलं की ते विहाराचं झालं. साखराबाईला हे कळायला जरा वेळच लागला.

"लेकीला तरी एवढं काखेत घेऊन हिंडली होतीस का?" ती एकदा बोलून गेली, आणि तिनंच जीभ चावली.

पाऊस आलाच नाही. पानं पिवळी पडली तेव्हा सरजाबाई घाबरली. टँकरचं हंडाभर पाणी घेऊन दोघी विहारापुढं गेल्या. साखराबाईनं ब्लेडनं पिशवी फाडली. आत माती दिसेचना. मुळीवर मुळी, चुंबळीसारखी आवळलेली.

"छाटाव्या लागतील."

"नको गं."

"सरजा, अशीच लावली तर सोताचाच गळा आवळंल ते."

सरजाबाईनं खोड घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं. "छाट. किती छाटल्या ते मला सांगू नको."

आठवड्यात सगळी पानं गळाली. तरी सरजाबाई रोज सकाळी भांडं घेऊन जायची. एके दिवशी साखराबाई तिच्याआधी पोचली आणि तिनं नखानं साल खरवडली. आत नुसतं वाळकं लाकूड.

मागून सरजाबाई आली. "काय म्हणतंय?"

साखराबाईनं नख लुगड्याला पुसलं.

"काय म्हणणार? आण ते भांडं इकडं. आज मी घालते."