सरळ उमटलेली मोहोर

“हात लावून बघा ना, ताई! अगदी जुळी भावंडं!” ठेकेदाराने एका हातात नमुन्याचा दोर धरला, दुसऱ्या हातात नव्या मालातला, आणि भांडार सांभाळणाऱ्या बाईंच्या नाकासमोर दोन्ही असे नाचवले, की बघणाऱ्याला वाटावं दोर नव्हे, खेळणीच विकायला आलाय.

दोर फायर ब्रिगेडसाठी होते. पेटलेल्या इमारतीतून माणसं खाली उतरवायची ती याच दोरांनी. निविदा मंजूर झाली तेव्हा पसंत पडलेल्या दोराला बाईंनीच चिठ्ठी बांधली होती, गाठीवर लाख ओतून मोहोर दाबली होती आणि तो कपाटात ठेवला होता. आता आलेला माल त्याच्याशी ताडून बघायचा, ‘नमुन्याप्रमाणे’ असं लिहून सही ठोकायची, की गाडी भरून रवाना.

आणि माल जुळत होता की! रंग तोच, जाडी तीच, पीळही तोच. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांची नजर नमुन्याच्या चिठ्ठीवर खिळली. गाठीवरच्या लाखेत मोहोर सरळ उमटली होती. पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलीसारखी ताठ, सरळ!

बाई डावखुऱ्या. आख्ख्या नोकरीत त्यांची मोहोर एकदाही सरळ पडली नव्हती. सगळं ऑफिस त्यांना तिरपीबाई म्हणायचं, तेही तोंडावर, आणि बाई हसून ओ द्यायच्या.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी साहेबांकडे. साहेब तर शेजारीच उभे होते, चहात बिस्किट बुडवत.

“काय झालं, तिरपीबाई? दोर चावला का?”

“साहेब, हा नमुना मी ठेवलेला नाही.”

बिस्किट चहात पडलं. साहेबांनी ते चमच्याने शांतपणे बाहेर काढलं. “मग कुणी ठेवला? किल्ली तुमच्याकडेच असते ना?”

अस्सं! तोंड उघडलं तर चोर त्याच ठरणार होत्या.

ठेकेदाराने दोर हळूहळू आपल्या मुठीभोवती गुंडाळला. “परवा तुमची छकुली दिसली, ताई. जिन्यात एकटीच बसली होती, तुमची वाट बघत. दिवस बरे नाहीत हो. पोरीला असं एकटं ठेवू नये.”

आपण राहतो कुठे, हे बाईंनी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीतून फायर ब्रिगेडच्या ड्रायव्हरने मुंडकं आत घातलं. “बाई, मुहूर्त बघताय का सहीचा? आमचे जुने दोर झिजून पार सुतळी झालेत!”

“नव्या दोरावर पहिला कोण उतरणार?”

“मीच की! सरावाला पहिला नंबर माझाच.”

मालात खोट नसती तर नमुना बदलायची गरज कुणाला पडली असती? बाईंनी पेन उचललं. अक्षरं स्वच्छ आली: ‘नमुना बदललेला आहे. मोहोर माझी नाही. माल स्वीकारू नये.’ खाली सही.

साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते हसले. “किल्ली ठेवा टेबलावर. चौकशी होईपर्यंत घरी बसा. चौकशी तुमचीच होणार, कळतंय ना?”

“कळतंय.”

बाहेर आवारात ड्रायव्हर गाडीची फळी उघडून वाट बघत होता. “दोर?”

“नाही मिळणार. माणसाचा भार पेलायचा नाही तो.”

“म्हणजे वाचलो म्हणायचं की बुडालो?” म्हणत त्याने रिकाम्या गाडीची फळी लावून घेतली.

घरी छकुली जिन्यातच होती. ती टुणकन उठली. “आई! एवढ्या लवकर?”

“आता घरीच आहे मी.”

“रोज? आईशप्पथ? मग शाळेत न्यायला येशील?”

“न्यायला आणि सोडायलासुद्धा.”

छकुलीने दप्तर भिरकावलं आणि घरभर अशी नाचत सुटली, की खालच्या काकूंनी वर येऊन दटावावं!

बाईंनी दार लावलं. मग स्टूल ओढलं, स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि दाराची वरची कडी ठोकायला घेतली. गंजून ती जागीच रुतली होती.

“आई, ही कडी आपण कधी लावतो?”

“स्टूल नीट धर गं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक घाव घातला.