बसल्या पाहुण्याला उठवलं तो दिवस

मित्रांनो, मी टोचते, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी काळी घोंगडी आहे. मावळातल्या भाजे गावात, लेण्यांच्या पायथ्याशी, सरुबाईच्या घरी मी राहते. ऊब हवी असेल तर टोचणं सोसावं लागतं, असा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो काही बदलायचा नाही.

माझी लोकर मेंढ्यांच्या अंगावरची. सणगराच्या मागावर मी विणली गेले. चिंचोक्याची खळ लावून त्याने मला असं कडक केलं की पहिली काही वर्षं मी कुणाचं ऐकतच नव्हते. सरुबाईचे मालक मारुतीभाऊ मला बाजारातून घेऊन आले. भातलावणीत त्यांनी मला डोक्यावरून पांघरलं, रात्री शेताच्या राखणीला अंथरलं. पाहुणा आला की मात्र मला झटकून पडवीत पसरायचे. या घरची रीतच अशी होती, की पाहुण्याने आधी घोंगडीवर बसायचं, गूळ-पाणी घ्यायचं, विचारपूस मागाहून. आणि एकदा बसलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही.

मारुतीभाऊ गेले आणि माझे दिवस फिरले. त्यांचा मुलगा कैलास नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात कामाला लागला. घरात मऊ ब्लँकेटं आली. कैलासने मला सिमेंटच्या गोण्यांवर टाकलं आणि पुढे माळ्यावर. मला फार वाईट वाटलं. गोणीला कसली आलीय थंडी?

मग एका हिवाळ्यात माई आली. सरुबाई लेण्यांच्या वाटेवर ताक आणि काकड्या विकते. संध्याकाळी ती टोपली आवरत होती, तेव्हा पायऱ्यांवर एक म्हातारी कुडकुडत बसलेली तिला दिसली. डोक्याचं मुंडण, अंगावर विटकी तांबडी वस्त्रं. ती दूरच्या डोंगराळ देशातली संन्यासिनी होती. तिथल्या सरकारने तिच्या धर्माची प्रार्थना बंद केली होती. प्रार्थनेला जमलेल्या बायकांवर शिपायांनी बंदुका चालवल्या, त्यातून ती एकटी वाचून पळाली होती. हे सगळं आम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी सरुबाईने काही न विचारता मला माळ्यावरून काढलं, अंगणात झटकलं आणि पडवीत अंथरलं. हाताने थोपटून म्हणाली, "बस. टोचतं, पर ऊब लय हाय."

म्हातारीने माझा वास घेतला आणि ती रडू लागली. तिच्याही गावात मेंढ्या असणार. मी तिला टोचले नसेन असं नाही, पण ती त्या रात्री गाढ झोपली. त्यानंतर मी तिचीच झाले.

माई मावळातली मराठी शिकली. 'लय झ्याक' हा तिचा आवडता शब्द. ताक घुसळायची, अंगण झाडायची, मन अस्वस्थ झालं की लेण्यातल्या एका दगडी खोलीत जाऊन बसायची. पण इथे राहण्याची परवानगी तिच्याकडे नव्हती. तिच्या अर्जाचं भिजत घोंगडं पडलं होतं, असं लोक म्हणत. (लोकांना नावं ठेवायला आमचीच जात सापडते!) अखेर निरोप आला. देशाच्या मोठ्या नेत्या लोणावळ्याला येणार होत्या. त्या वाटेत आमच्या घरी येऊन माईला भेटतील आणि तिला ठेवायचं की परत धाडायचं ते ठरवतील. परत धाडणं म्हणजे त्याच बंदुकांच्या पुढे उभं करणं.

भेटीच्या दिवशी कैलासने मंडपवाल्याकडून लाल खुर्ची आणली. त्या नेत्या बाईंच्या गाड्या वेशीत शिरल्या आणि त्याने मोठ्या हौसेने फटाक्यांची माळ लावली. आमच्याकडे मोठं माणूस आलं की फटाके वाजतातच. त्यात त्याचा काय दोष? पण आधी गाड्या आणि मग धडाडधूम, हे माईने पूर्वी एकदा ऐकलेलं होतं. धूर विरला तेव्हा ती घरात नव्हती.

बाई पडवीत आल्या. लाल खुर्चीकडे न बघता माझ्यावर बसल्या. "माझ्या आजोळी अशीच होती," म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत असावेत, खाली बसताना त्या कण्हल्या. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सगळ्या देशाचा कारभार बघणारी बाई माझ्यावर बसून गूळ-पाणी घेत होती.

वेळ जाऊ लागला. माई काही आली नाही. सोबतचा अधिकारी वाकून म्हणाला, "मॅडम, हेलिकॉप्टर थांबलंय. आणि ती पळाली, म्हणजे काहीतरी लपवायचं असणार."

"पळाली न्हाई साहेब, भ्याली ती," सरुबाई म्हणाली.

कैलासचा चेहरा उतरला. "माजंच चुकलं, आई. मी माळ लावली."

सरुबाई बाईंसमोर हात जोडून उभी राहिली. "ताई, बसल्या पाव्हण्याला आमी उटवत न्हाई. पर तुमी जरा उटा. मला ती घोंगडी पायजे. तिच्याबिगर माई लेण्यातनं खाली यायची न्हाई."

अधिकारी काही बोलणार होता, पण बाई भिंतीचा आधार घेत उठल्या.

सरुबाई मला खांद्यावर टाकून डोंगर चढली. लेण्यातल्या दगडी खोलीच्या कोपऱ्यात माई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. सरुबाईने मला तिच्या पाठीवर पांघरलं. बराच वेळ ती थरथरत होती. मी जमेल तेवढी ऊब दिली, आणि खरं सांगते, त्या दिवशी टोचण्याची मला लाज वाटली.

"आले? न्यायला आले?" माईने विचारलं.

"काय ठरवत्यात ते मला ठाव न्हाई, बाय. पर आवाज फटाक्यांचा हुता. माज्या येड्या पोरानं लावलं. आन् मी हाय की तुज्यासंगं."

आम्ही खाली आलो. अंगणात गाड्या नव्हत्या, बाईंनी त्या पार स्टेशनपर्यंत मागे पाठवल्या होत्या. लाल खुर्ची रिकामीच होती. बाई उघड्या फरशीवर बसून आमची वाट बघत होत्या.

माई दारात थबकली. समोर बसलेली ही थकलेली बाई कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने मला खांद्यावरून काढलं, अंगणात झटकलं, पडवीत पसरलं आणि हाताने थोपटलं.

"बस," ती म्हणाली. "टोचतं, पर ऊब लय हाय."

बाईंचे डोळे भरून आले. त्या सरकून माझ्यावर बसल्या आणि माईला शेजारी ओढून घेतलं. मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "कागद तयार करा. ही इथेच राहील. आल्यागेल्याला 'बस' म्हणतं, ते माणूस घरचं असतं."

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी माळ्यावर टाकलेलं नाही. कैलास स्वतः मला उन्हात घालतो. माझी आता किनार उसवली आहे, मधे विरळही झाले आहे, तरी माईला मीच लागते. तुमच्या घरात माझी एखादी बहीण घडी होऊन पडली असेल, तर तिला कसर लागू देऊ नका. तिला बाहेर काढा, झटका, ऊन दाखवा. दारात कधी भ्यालेलं माणूस आलं, तर आधी तिला अंथरा. नाव, गाव आणि देव मागाहून विचारा.